फोडणीबंदी

चिंचगल्लीत फोडणी घालायला बंदी होती. ही बंदी सरकारनं घातली नव्हती, महापालिकेनं नव्हे, घरमालकांनीही नव्हे. ती घातली होती शिवलीला बिराजदार या बाईनं. आता तुम्ही म्हणाल, लातुरात, जिथं सकाळी प्रत्येक खिडकीतून लसूण-जिऱ्याचा खमंग ठसका रस्त्यावर येतो, तिथं असलं काही चालेल कसं? चाललं की! चांगलं वर्षभर चाललं. शिवलीलाबाईंपुढं तोंड उघडायची कुणाची बिशाद होती?

या गल्लीतल्या बायका मुळात इथल्या नव्हेतच. कुणी उदगीरची, कुणी कंधारची, कुणी परळीची. लेकरू डॉक्टर व्हावं म्हणून नवऱ्याला नि घरादाराला मागं ठेवून एकेका खोलीत बिऱ्हाड थाटलेल्या. लेकरानं क्लासला जायचं, अभ्यास करायचा; आईनं रांधायचं, धुवायचं आणि काळजी करायची, अशी कामाची वाटणी. शिवलीलाबाईंचे यजमान मल्लिनाथ उदगीरला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवत आणि रविवारी येऊन जात. लेक ईश्वरी. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत मागच्या वर्षी थोडक्यात हुकली होती, यंदा दुसरी खेप. आणि तिनं घरात स्पष्ट सांगून टाकलं होतं, "यंदा नाही जमलं तर डॉक्टरकीचा नाद सोडला. तिसऱ्यांदा मी बसणार नाही." पोरगी एकदा बोलली की बोलली. आईवरच गेली होती.

म्हणून घरात गंधडबी आली. ही काय भानगड ते सांगायला हवं. आपण डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो, ते मेंदूत शिरताना आधी एका मधल्या चौकीवर थांबतं आणि तिथून पुढं पाठवलं जातं. वासाला ही चौकी लागत नाही. तो नाकातून जवळजवळ थेट तिथं पोचतो, जिथं आठवणी नि भावना एकमेकींना लागून नांदतात. दुसरी गोष्ट झोपेची. गाढ झोपेत मेंदू दिवसभर शिकलेल्याची उजळणी करत असतो. शास्त्रज्ञांना पूर्वीच आढळलं होतं, की शिकताना जो वास दरवळत होता तोच गाढ झोपेत पुन्हा दिला, तर मेंदू नेमकी त्याच धड्याची उजळणी अधिक करतो. डबीनं हे सगळं उशाशी आणून ठेवलं. अभ्यास करताना डबीचा वास खोलीत सोडायचा, रात्री कपाळाच्या पट्टीनं झोपेच्या लहरी मोजायच्या, झोप गाढ झाली की डबीनं वासाची एक हलकी फुंकर सोडायची. प्रत्येक मुलाचा वास वेगळा, प्रयोगशाळेत तयार केलेला, जगात दुसरीकडं कुठंही न मिळणारा. ईश्वरीचा वास कसा होता म्हणाल, तर सांगताच येत नाही. कशासारखाच नव्हता तो.

डबी आली आणि शिवलीलाबाईंच्या अंगात आलं. डबीच्या वासात दुसरा वास मिसळू नये म्हणून आधी घरातली फोडणी गेली. मग उदबत्ती गेली, खोबरेल तेल गेलं, गजरा गेला, साबण बिनवासाचा आला. मग त्यांच्या लक्षात आलं की वास काही भिंती मानत नाही. गच्चीवर सगळ्या आयांची बैठक झाली. बहुतेकींच्या घरी डबी होतीच. फोडणी समिती स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्ष कोण झाल्या हे विचारायलाच नको. त्या दिवसापासून गल्लीत उकडलेल्या भाज्या, नुसतं घोटलेलं वरण नि भात. मेथीवाला गल्लीच्या तोंडाशीच गाडा वळवायला लागला. लेकरांची तोंडं उतरली, पण चाचणीतले मार्क चढले, मग बोलणार कोण? ईश्वरीचं नाव क्लासच्या फळ्यावर वरच्या पाचांत झळकायला लागलं.

बोलली ती एकटी छाया घोडके. ही कंधारची. तिच्या ओजसकडंही डबी होती, पण ती म्हणाली, "माझ्या लेकराला फोडणीबिगर वरण उतरत नाही बघा. उपाशीपोटी कसला अभ्यास?" शिवलीलाबाई चार जणींना घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. "आमच्या लेकरांचं वाटोळं करायलीस का?" असं ओरडल्या. महिन्याभरात छायानं बिऱ्हाड हलवलं आणि शेजारच्या गल्लीत खोली घेतली. शिवलीलाबाईंना त्या दिवशी गड जिंकल्यासारखं वाटलं.

परीक्षा तोंडावर आली आणि परीक्षा मंडळाचं परिपत्रक आलं. आदल्या वर्षी काही मुलं आपापल्या डबीचा वास रुमालावर शिंपडून केंद्रात गेली होती. तसं पुन्हा होऊ नये म्हणून यंदा प्रत्येक केंद्रात हवा गाळणारी यंत्रं बसणार, कसलाही वास राहू देणार नाहीत. शिवलीलाबाई म्हणाल्या, "बसवू देत की. आपल्याला कुठं लबाडी करायचीय?"

क्लासच्या देवणे सरांनी तसलीच यंत्रं आणून एक सराव चाचणी घेतली. ईश्वरी दुपारी घरी आली ती चप्पल न काढताच पलंगावर बसली.

"काय झालं गं? कसा गेला पेपर?"

"आई, मला काहीच येईना."

"म्हणजे? अवघड होता का?"

"सोपा होता. प्रश्न ओळखीचे होते. पण डोक्यात शोधायला गेलं की तिथं काहीच नाही. सगळं रिकामं." तिनं डबीचं बटण दाबलं. खोलीत तो बिननावाचा वास पसरला. ईश्वरीनं प्रश्नपत्रिका पुढं ओढली आणि भराभर उत्तरं सांगत सुटली. एकही चुकलं नाही. मग डबी बंद करून तिनं खिडकी उघडली, पंखा लावला, थोडा वेळ थांबली, आणि तेच प्रश्न पुन्हा वाचले. तिचे ओठ नुसते हलले.

शिवलीलाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. आजवरच्या चाचण्यांत वह्या-कपड्यांना लागलेला वास साथ द्यायचा; यंत्रांनी तोही गाळून टाकला होता. वर्षभर पोटाला चिमटा घेऊन केलेला अभ्यास एका डबीत जाऊन बसला होता आणि ती डबी केंद्राच्या दाराबाहेर राहणार होती.

संध्याकाळपर्यंत गल्लीत रडारड झाली. निम्म्याअधिक लेकरांची हीच गत. तेवढ्यात परळीची प्रतिभा मुंढे शिवलीलाबाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "एक जण ओळखीचा आहे. दाढेत बसवायची गोळी देतो. बारीक असती, तांदळाएवढी. वास तोंडातल्या तोंडात सुटतो, यंत्राला पत्ता लागत नाही. आम्ही तर ठरवलंय. तुमचं काय?"

खोटं कशाला बोला, शिवलीलाबाईंचं मन डळमळलं. पकडलं गेलं तर पोरीला कायमची परीक्षाबंदी, पण पकडलं नाही तर? त्यांनी घरी येऊन आडून आडून विषय काढला. ईश्वरीनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि पुढं काय करू आई? समोर पेशंट तडफडायला लागला की दाढेत गोळी फोडू? थांबा काका, वास येऊ द्या, मग औषध आठवतं, असं म्हणू?"

शिवलीलाबाईंनी विषय तिथंच सोडला. अशी वेळ त्यांच्यावर क्वचितच येत असे.

दुसऱ्या दिवशी मायलेकी डॉ. रझिया सौदागर यांच्याकडं गेल्या. गल्लीतल्या लेकरांच्या झोपेच्या पट्ट्या याच बाईंनी बसवून दिल्या होत्या. बोलायला तिखट, पण माणूस लाखात एक. त्यांनी ईश्वरीच्या पट्टीतल्या सगळ्या लहरी पाहिल्या, मान हलवली आणि भलताच प्रश्न विचारला.

"घरात स्वयंपाकाला काय काय करता?"

"उकडून करते सगळं," शिवलीलाबाई अभिमानानं म्हणाल्या. "वर्ष झालं, फोडणी नाही. उदबत्ती नाही. साबणसुद्धा बिनवासाचा. आख्ख्या गल्लीत नाही."

डॉक्टरबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"डबीच्या कागदावरच लिहिलंय की."

"कागदावर लिहिलंय, अभ्यास चालू असताना खोलीत उग्र वास टाळा. तेवढाच वेळ, तेवढ्याच खोलीत! वर्षभर आख्खी गल्ली धुऊन काढा असं कुठं लिहिलंय, बाई?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघा. आठवण एकटी कधी राहत नाही. ज्या जागी, ज्या वासात शिकलो, त्याचे धागे तिला चिकटलेले असतात. घरात रोज निरनिराळे वास असले, की मेंदूच्या लक्षात येतं, वास बदलतो, धडा तोच राहतो. मग तो वासाचा धागा सैल सोडतो आणि धडा तेवढा धरून ठेवतो. तुमच्या घरात वर्षभर एकच वास. त्याला वाटलं, हा वास म्हणजेच धडा."

"म्हणजे गेलं सगळं?" ईश्वरीनं विचारलं.

"जातंय कुठं? आहे तिथंच आहे. फक्त आत जायला एकच दार ठेवलंय तुम्ही. आणखी दारं पाडा. डबी आजपासून बंद. जिथं म्हणून वास असेल तिथं जाऊन बसायचं आणि पुस्तक न उघडता आठवायचं. नाही आठवलं तर बघायचं आणि दुसऱ्या वासात जाऊन पुन्हा आठवायचं."

"खात्रीनं जमेल?"

"खात्री कुणी देत नसतं. पण माझी मुलगी असती तर मी हेच केलं असतं."

परतताना रिक्षात शिवलीलाबाईंना राहवेना. "माझ्यामुळं झालं गं हे सगळं."

"हो," ईश्वरी म्हणाली. रिक्षा गल्लीशी वळल्यावर म्हणाली, "पण डबी मीच मागितली होती. निम्मं तुझं, निम्मं माझं."

घरी येऊन शिवलीलाबाईंनी पदर खोचला, कढई काढली आणि तिथंच थबकल्या. फोडणी घालायची कशाची? घरात मोहरीचा दाणा नव्हता, हिंगाची डबी नव्हती, लसणाची पाकळी नव्हती. आख्ख्या गल्लीत नव्हती. त्यांनीच प्रत्येकीच्या फडताळात डोकावून खात्री करून घेतली होती. आता दुकानात जाता आलं असतं, दुकान काही लांब नव्हतं. पण शिवलीलाबाईंचे पाय दुकानाकडं वळले नाहीत. ते शेजारच्या गल्लीत गेले.

छाया घोडके दारातच भाजी निवडत बसली होती. वर न बघताच ती म्हणाली, "या अध्यक्षबाई. आता काय, या गल्लीतली पण फोडणी बंद करायची का?"

"छाया, ओजसचा पेपर कसा गेला सरावाचा?"

"चांगला गेला म्हणाला. का हो?"

शिवलीलाबाई उंबऱ्यावरच बसल्या. त्यांना सगळं घडाघडा सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "तुझं बरोबर होतं बाई. माझं चुकलं. तुला लेकरासकट गल्लीतून घालवली मी."

छायानं हातातली जुडी खाली ठेवली. "घालवली नाही, हाकलली," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि एक बरणी घेऊन आली. येसर होतं आत, धान्यं, डाळी नि मसाले खरपूस भाजून दळलेलं पीठ. झाकण उघडल्याबरोबर शिवलीलाबाईंच्या तोंडाला पाणी सुटलं आणि डोळ्यांतही आलं. "आमटी करा याची. लसूण पण घेऊन जा. आणि हिंग. तुमच्याकडं मेलं काही नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं क्लासला निघायच्या आत, शिवलीलाबाईंनी शेगडी चक्क दाराबाहेर, व्हरांड्यात मांडली. तेल कडकडीत तापलं. मोहरी तडतडली, लसूण पडला, हिंग पडला आणि वर येसराची आमटी चर्रर्र करत ओतली गेली. काय सांगावं महाराजा! वर्षाची उपाशी गल्ली ती. पाठोपाठ सगळी दारं उघडली.

"कोण मेली फोडणी घालतेय?" प्रतिभा ओरडत बाहेर आली आणि समोर अध्यक्षबाईंना बघून तिथंच खिळली. "तुम्ही? अहो, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आत्ता आलंय ठिकाणावर," शिवलीलाबाई म्हणाल्या. मग पळी हातात घेऊनच त्यांनी डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं सगळ्यांना सांगितलं. आपली चूक कुठं झाली तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता. बायकांनी त्यांना नको नको ते सुनावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. शेवटी एक जण म्हणाली, "बरं, ती आमटी गार व्हायलीय त्याचं काय?" मग वाट्या आल्या, भाकऱ्या आल्या आणि मुलं भिंतीला टेकून ओळीनं जेवायला बसली. ईश्वरीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि तोंडातल्या घासासकट श्वसनसंस्थेचा आख्खा धडा अडखळत अडखळत म्हणायला लागली. दोन ठिकाणी अडकली. पण म्हणाली.

पुढचे दिवस मायलेकींनी लातूर पालथं घातलं. शिवलीलाबाईंच्या स्कूटरवर मागं ईश्वरी, हातात पुस्तक नाही. फुलबाजारात झेंडूच्या ढिगाशेजारी बसून भौतिकशास्त्राची सूत्रं झाली. डाळमिलच्या फाटकाशी भाजक्या तुरीच्या धुरळ्यात रसायनशास्त्र झालं. प्रश्न आई विचारायची, आणि कसे विचारायची म्हणता? "ते गांडुळाचं कुळ कोणतं गं?" "कुळ नाही आई, संघ. ॲनेलिडा." "तेच ते. पुढं सांग."

सगळीकडं जमत होतं असं नव्हे. एसटी स्टँडवर डिझेलच्या धुरात ईश्वरीला एकही उत्तर येईना. बाकावर बसून ती हमसून रडली. "आई, नाही होणार माझ्याच्यानं." शिवलीलाबाईंचाही धीर सुटत आला होता. मनात आलं, प्रतिभाला फोन करावा, गोळी मिळते का बघावं. फोन पर्समधून बाहेरही निघाला. मग त्यांनी तो तसाच परत ठेवला, पोरीला उठवलं आणि स्कूटर काढली.

"कुठं चाललो?"

"बस मुकाट्यानं."

त्या गेल्या मासळीबाजारात. आता शिवलीला बिराजदार म्हणजे सात पिढ्यांत कुणी अंड्यालाही न शिवलेलं घराणं. त्या बाजाराच्या रस्त्यानं गेल्या तरी श्वास रोखून जायच्या. आज त्या नाकाला पदर लावून थेट आत शिरल्या, एका टोपलीसमोर उभ्या राहिल्या आणि रोहू माशाकडं बोट दाखवून घुसमटत म्हणाल्या, "ह्याचा वर्ग सांग. लवकर सांग, मला उलटी होईल."

ईश्वरी आईकडं बघत राहिली. आईचा चेहरा हिरवा पडला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी बोट हललं नव्हतं. पोरीला हसू फुटलं. मासे विकणारी मावशीही हसायला लागली. आणि हसता हसताच ईश्वरी म्हणाली, "ऑस्टिइक्थिस. हाडं कठीण असतात, कल्ल्यांवर झाकण असतं, वाताशय असतो," आणि मग थांबेचना. उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन, सगळे वर्ग एकामागून एक आले.

त्यानंतर घडी बसत गेली. दुपारची झोप मोडून पेपरच्या वेळेला मेंदू जागा ठेवायची सवय लावली. केंद्र कुठं आहे ते आदल्या रविवारी मल्लिनाथरावांसह जाऊन पाहिलं. प्रवेशपत्र, पारदर्शक बाटली, बिनखिशाचा कुडता, सगळं एका जागी काढून ठेवलं. डबी कपाटावर गेली. "झोपेत उजळणी नको," ईश्वरी म्हणाली. "झोपेत झोपते आता."

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर चिंचगल्लीतल्या सगळ्या आया होत्या. छायाही आली होती. ती शिवलीलाबाईंच्या शेजारीच उभी राहिली. आत यंत्रं चालू झाल्याचा घुमारा बाहेरपर्यंत येत होता. गोळी घेणाऱ्यांची तपासणी झाली का, कुणी सापडलं का, काही कळत नव्हतं. प्रतिभाचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेवटी तिनं गोळी घेतली की नाही हे तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पेपरचा वेळ काही केल्या सरेना. शिवलीलाबाईंना मधेच वाटलं, दार ढकलून आत जावं आणि पोरीच्या नाकाशी काहीतरी धरावं, काहीही, हिंग का होईना.

मुलं बाहेर यायला लागली. कुणी रडत, कुणी हसत, बरीचशी नुसती दमलेली. ईश्वरी सगळ्यात शेवटी आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना आणि शिवलीलाबाईंना तिच्याजवळ जायचं बळ होईना. शेवटी तीच जवळ आली.

"आत काहीच वास नव्हता आई," ती म्हणाली. "काहीच म्हणजे काहीच."

शिवलीलाबाईंनी तिचा दंड धरला. "मग? आठवलं?"

ईश्वरीनं जरा विचार केला. "आठवावं लागलंच नाही गं. येत होतं मला."

किती बरोबर आले, किती चुकले, मागच्यापेक्षा जास्त की कमी, असे शंभर प्रश्न शिवलीलाबाईंच्या ओठांवर आले आणि तिथंच विरघळले. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं त्यांना हलकं हलकं वाटलं. त्या तिथंच फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि भर गर्दीत, समितीतल्या सगळ्या बायकांदेखत, मोठ्यानं रडायला लागल्या.

ईश्वरी त्यांच्या शेजारी बसली. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला.

"चल घरी," शिवलीलाबाई हुंदक्यांतून म्हणाल्या. "लोक बघायलेत."

"बघू दे. काही घाई नाही आता," ईश्वरी म्हणाली. "आधी तू नीट रडून घे. मग जाऊ."